रज्जाकभाईच्या हातची थाळी

मी रज्जाकभाईला फसवलं. नाशिकच्या भांडी बाजारात, भर दुपारी, माझ्याच दुकानाच्या ओट्यावर. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढे हात जोडले तेव्हाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि मध्येच बोलून माझी बाजू घेणार नाही. बाजू घेणारे मला पुष्कळ मिळाले. तेही सांगतो.

आधी मी कोण ते ऐका. माझी आई जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. टोपली तिच्या डोक्यावर, गाठोडं माझ्या. तीन साड्या आणि एका पँटवर एक पातेलं. पँटची चेन तुटकी निघाली की पातेलं परत टोपलीत. घासाघीस मी तिथे शिकलो. पुढे स्वतःचं दुकान झालं, इंदिरानगरात घर झालं, पण सवय गेली नाही. समोरचा माणूस कुठे वाकतो ते मला आधी दिसतं. आणि डोकं — ते लगेच तापतं. गिऱ्हाइकाच्या अंगावर तांब्या भिरकावलेला माणूस आहे मी.

रज्जाकभाई भांड्यांवर नावं घालायचा. ब्याण्णव साली तो जागा मागायला आला, तेव्हा आमचा सौदा दोन मिनिटांत झाला. ओट्याचा कोपरा त्याला फुकट, आणि माझ्या दुकानातल्या भांड्याला त्याच्याकडे पहिला नंबर. मला वाटलं होतं, मी जिंकलो. खरं तर मी किती जिंकलो होतो, ते मला चौदा वर्षं कळलंच नाही.

त्याचा हात! तुम्ही तो बघायला हवा होता. लोक आधी खडूने लिहितात, मग त्यावर टाकी चालवतात. रज्जाकभाई सरळ टाकीच टेकवायचा. घागरीच्या फुगीर पोटावर ‘चि. सौ. कां.’पासून ‘सप्रेम भेट’पर्यंत ओळ अशी जायची, जणू आत कुणी दोरी ताणून धरली आहे. शिकलेल्या लोकांच्या चिठ्ठ्यांतल्या चुका तो काढायचा. ‘ताई, कुलकर्णीला पहिली वेलांटी द्यायची का? लोक जन्मभर हसतील हो.’ नवऱ्या मुलाचं नाव मात्र तो सगळ्यात शेवटी घालायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, ‘शेठ, ठरलेलं लग्न मोडतं. तांब्यावरचं नाव नाही पुसता येत.’

नाशिकच्याच वडाळागावातून सायकलवर यायचा. शुक्रवारी दुपारी नमाजाला जाताना मला हाक मारायचा, ‘शेठ, डब्याकडे बघा.’ मी मान हलवायचो. हा डबा म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं. नंतरच्या काळात टाकीच्या जागी विजेचं मशीन आलं — पेनसारखं, टोकाला सुई. बाजारात तयार मिळणारं त्याला परवडेना, म्हणून त्याने स्वतःच जोडलं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तारेचं गुंडाळं, एक बटण, आणि झाकणाच्या भोकातून बाहेर आलेल्या लाल-काळ्या वायरी. मीच त्याला दुकानातला प्लग दिला होता. पहिलं नाव त्याने माझंच घातलं, माझ्या पाण्याच्या तांब्यावर. डब्यात काय आहे, हे सबंध बाजारात त्याच्यानंतर सगळ्यात चांगलं कुणाला ठाऊक होतं? मला.

आता माझं दुखणं. ते आजही आहे, लपवत नाही. एका लग्नाची सगळी भांडी माझ्याकडून जात होती. घागर मी ‘जाड पत्र्याची’ म्हणून दाखवली होती. मुलीच्या वडिलांनी हौसेने टाकीनेच नाव घालायला सांगितलं — मशीनचं बारीक दिसतं म्हणून. रज्जाकभाईने घागर मांडीवर घेतली, बोटाने वाजवली आणि हळूच म्हणाला, ‘शेठ, टाकी मारली तर आरपार जाईल. पत्रा पातळ आहे.’ हळूच म्हणाला, पण ऐकू गेलं. मंडळी उठली आणि समोरच्या दुकानात गेली. मी त्याला सगळ्यांदेखत वाटेल ते बोललो. तो एवढंच म्हणाला, ‘भोक पडलं असतं तर नाव कुणाचं गेलं असतं, शेठ? तुमचंच ना?’

बरोबर होतं त्याचं. म्हणूनच जास्त झोंबलं. आठ महिने ते मी मनात उकळत ठेवलं. ओट्यावरून ऊठ, असं सरळ सांगता येत नव्हतं. दिलेला शब्द मी मोडत नाही, अशी माझी बाजारात ख्याती होती ना.

आणि मग मुंबईत लोकलमध्ये स्फोट झाले.

ते दिवस आठवतात का तुम्हाला? टीव्हीसमोर माणसं चहा विसरून उभी. बेवारस वस्तूला हात लावू नका, असं सारखं सांगत होते. मेलेल्यांसाठी सगळ्यांचाच जीव तुटत होता, माझाही, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवसापासून ते दुःख बाजारात गिऱ्हाइकासारखं हिंडायला लागलं, कुणाच्या तरी दारात थांबायचंय म्हणून. कोण मालेगावला सारखा जातो, कोणाची दाढी वाढली आहे. रज्जाकभाईची मुलगी मालेगावला दिलेली. लोकांनी तेही काढलं. मी ऐकत होतो. पाच शब्द बोलायचे होते — ‘त्याला मी चौदा वर्षं ओळखतो’ — तेवढेही मी खर्च केले नाहीत.

त्या शुक्रवारी तो नेहमीसारखा ‘शेठ, डब्याकडे बघा’ म्हणून गेला. मी नेहमीसारखी मान हलवली. थोड्या वेळाने एक बाई कढई बघता बघता थबकल्या. म्हणाल्या, ‘अहो, हा डबा कुणाचा? वायरी आहेत त्याला.’

मी डब्याकडे पाहिलं. घागर आठवली. खरंच — त्या क्षणी मला मुंबई आठवली नाही, घागर आठवली. आणि मी म्हणालो, ‘माहीत नाही बुवा.’

बस. एवढंच. दहशत घालायला बॉम्ब लागतोच असं कुणी सांगितलं?

बाई ओरडत पळाल्या. शटरं धडाधड खाली आली. गल्लीच्या दोन्ही तोंडांशी माणसं दाटली, मीही त्यांच्यात. कुणीतरी पोलिसांना फोन केला. तेवढ्यात कोपऱ्यावर रज्जाकभाई दिसला, डोक्यावर टोपी, नमाजाहून परतणारा. ‘डबा, वायरी’ हे त्याने ऐकलं असणारच. तो वळून जाऊ शकत होता. माझी आज शपथ घ्यायची तयारी आहे — मी त्याच्या जागी असतो तर सायकल तिथेच टाकून पळालो असतो. तो दोन्ही हात वर करून गर्दीत शिरला. ‘माझा आहे! घाबरू नका, माझा आहे, नाव घालायचं मशीन आहे!’ भ्यालेल्या लोकांना धीर द्यायला हा माणूस त्यांच्याचकडे धावत आला, आणि त्याच लोकांनी त्याला खाली पाडलं. त्यांतल्या निम्म्यांच्या घरातल्या कळशीवर त्याचं अक्षर होतं. उजव्या हातावर कुणाचा तरी बूट पडला. ज्याचा पडला त्याला मी ओळखतो. रोज नमस्कार करतो.

दोन पोलीस आले, त्यांनी त्याला सोडवलं. डबा त्यालाच उघडायला लावला, स्वतः लांब उभे राहून. त्याने तो तसल्या हाताने उघडला. आत तारेचं गुंडाळं. तरी हवालदाराने मला विचारलं, ‘शेठ, तुमच्या ओट्यावरचा ना हा? ओळखता?’

पहिल्यांदा जीभ घसरली म्हणता येईल. दुसऱ्यांदा? रज्जाकभाई माझ्याकडे बघत होता. रागाने नव्हे — सुटल्यासारखा. शेठ आले, आता शेठ सांगतील. मी म्हणालो, ‘बसतो कधीमधी. नाव-गाव नाही ठाऊक.’

शेख अब्दुल रज्जाक शेख गनी. ठाऊक होतं.

त्याला पोलीस ठाण्यात नेलं. तिथे काय झालं ते त्याच हवालदाराने मला दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता हसत सांगितलं. साहेब म्हणाले, नावं घालतोस ना, घालून दाखव. टेबलावरचा स्टीलचा पेला पुढे केला. दोन बोटं सुजून जाड झालेली. हा विचारतो, ‘साहेब, ठाण्याचंच नाव घालू? पेला चोरीला जाणार नाही.’ सगळे हसले. त्याने नाव घातलं. ‘काय अक्षर हो!’ हवालदार म्हणाला. संध्याकाळी सोडून दिलं.

तो परत येणार नाही, अशी माझी खात्री होती. तो शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी ओट्यावर हजर. हाताला पट्टी. एका लग्नाच्या भांड्यांवर नवऱ्या मुलाचं नाव राहिलं होतं, आणि लग्न रविवारी. पेन अंगठा आणि तळव्यात धरून त्याने ती सगळी भांडी संपवली. शेजारचा एकजण म्हणाला, ‘जाऊ दे रज्जाकभाई, झालं गेलं विसर.’ तो मान वर न करता म्हणाला, ‘बोटं विसरली की मीपण विसरतो.’ मी चहा मागवला. तो प्याला.

आणि बाजाराने काय केलं? माझा सत्कार ठरवला! मशीनचा डबा निघाला तो निघाला, पण दत्तूशेठची सतर्कता बघा — असं आमच्या बाजार संघटनेचे अध्यक्ष म्हणाले. शाल, नारळ आणि पितळी थाळी. थाळीवर नाव घालायला ती कुणाकडे पाठवावी? चांगलं अक्षर एकाचंच. हमालाने ती आणून त्याच्यासमोर ठेवली, सोबत मजकुराची चिठ्ठी. कुणाच्या मनात काही आलंसुद्धा नाही.

मी गल्ल्यावर बसून बघत होतो. त्याने चिठ्ठी वाचली. परत वाचली. मग चौदा वर्षांत शेकडो वेळा माझं नाव घातलेला तो माणूस वळला आणि अगदी शांतपणे म्हणाला, ‘शेठ, तुमचं पूर्ण नाव काय?’

मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि घातलं. ‘सतर्क नागरिक श्री. दत्तात्रय किसन बोडके यांस सस्नेह.’ सत्कारानंतर थाळी मी उजेडात धरून अक्षर न् अक्षर तपासलं. कुठेतरी एक काना वाकडा असावा, एक मात्रा रागाने खोल गेलेली असावी — त्याच्यावर चिडायला मला तेवढंही पुरलं असतं. नाही. अशी देखणी ओळ त्याने कुणासाठीच घातली नसेल. ज्याने त्याला बुडवलं त्याच्या नावाचीही त्याने अब्रू राखली. इतका मोठा माणूस माझ्या ओट्यावर बसत होता.

त्यानंतर तो आला नाही. मुलीकडे मालेगावला गेला म्हणतात. मी शोधायला गेलो नाही.

थाळी अजून दुकानात आहे, भिंतीकडे तोंड करून. ज्यांनी शाल घातली, ज्याने बूट ठेवला, जे शटरामागून बघत राहिले — त्या सगळ्यांना एकदा कुणीतरी गाठून जाब विचारावा, असं मला रोज वाटतं. विचाराच. पण सुरुवात करायला यादी शोधत बसू नका. थाळी उलटी करा. नाव ठळक आहे, एकही चूक नाही. त्याला विचारा.