समोरच्या घरातली झोप

आता आपली फजिती आपल्याच तोंडाने काय सांगायची? पण बसलाच आहात, तर चहा येईपर्यंत ऐका.

बदली होऊन मी सोलापुरात आले. विम्याचं ऑफिस आणि एकटीचा फ्लॅट. शाखेतले दोघं नोकरी सोडून गेले आणि त्यांचंही काम माझ्या गळ्यात पडलं. रात्री झोप येईना, सकाळी उठवेना. लिफ्टमध्ये कुणी ‘कशा आहात?’ विचारलं, तरी मी ‘बघून सांगते’ म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, “रिपोर्ट चांगले आहेत. कामाने थकलाय, रजा घ्या.” मी हसले आणि तिथून थेट ऑफिसला गेले.

त्या रविवारी ऑफिसातल्या सविताकडे वास्तुशांत होती, जुळे सोलापूर भागात. गल्लीत शिरले, मांडव दिसला, आत गेले. दारात एक काकू होत्या.

“मी सविताच्या ऑफिसातली,” म्हटलं.

“कविताच्या व्हय? या की, बसा.”

आता कविता आणि सविता यांतला फरक शाळेतल्या पोरालाही कळतो. मला नाही कळला. सविता कुठे दिसेना, तरी असेल कामात म्हणून मी पानावर बसले.

काकू शेजारी येऊन टेकल्या. “घरी कोण कोण असतं?”

“मीच.”

“मग जेवलीस का म्हणून इचारतं कोण?”

मी आणखी थोडा भात मागून घेतला. जेवण झाल्यावर म्हणाल्या, “आत जरा पाठ टेक.” म्हटलं, पाच मिनिटं पडावं.

उठले तेव्हा मांडव उतरवून झाला होता. अंगावर कुणीतरी चादर घातली होती. काकूंची सून कविता दारातून मला न्याहाळत होती.

“आत्या, ह्या माझ्या ऑफिसातल्या न्हाईत.”

“मग कुणाच्या?”

“सविताच्या,” मी पुटपुटले.

“ती समोरची,” सून म्हणाली. “त्यांची बी वास्तुशांत आजच हुती.”

“असू दे की,” काकू म्हणाल्या. “च्या घे.”

चहा पिऊन समोर गेले, तर सविता अंगण धूत होती. “मॅडम, आत्ता? किती फोन केले. कुठं होता?”

मी वळून काकूंच्या घराकडे बोट दाखवलं. “तिथं झोपले होते.”

तिच्या हातातला खराटा खाली पडला.

सोमवारी ऑफिसभर बातमी. लाज वाटलीच, पण खरा धक्का वेगळा होता. एवढी गाढ झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती, आणि ती लागायला परक्याचं घर लागलं. साहेबांकडे रजा मागितली.

“कुठं जाणार?”

“कुठंच नाही.”

रजेच्या पहिल्या दिवशी फ्लॅटमध्ये पंख्याकडे बघत पडले. दुपार झाली तरी डोळा लागेना. शेवटी रिक्षा केली.

दार काकूंनीच उघडलं. “सहज इकडून चालले होते,” मी म्हटलं.

“व्हय की,” काकू म्हणाल्या. “उशी आतल्या खोलीत हाय.”