भांगेचे नर

भांगेच्या रोपाला आबा पालथा हात लावायचे, ताप आलेल्याच्या कपाळाला लावावा तसा. मग म्हणायचे, "हा गेला." आणि मुळासकट उपटायचे.

आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, तेव्हाची गोष्ट. लग्न होऊन मी ढाणकीला आले, तर कुंपणापलीकडे हे आबा. भांगेत नर वेगळा, मादी वेगळी, हे मला त्यांनीच दाखवलं. नराला फुलांचे सैल घोस लोंबतात. मादीच्या पानाच्या बेचक्यात पांढरे केस दिसतात. नर राहिला तर मादी बी धरते आणि पाला निकामी होतो. त्यांचा पाला शिवरात्रीला महादेवाला जायचा, एरवी ढाळ लागलेल्या बैलांना. माणसांना मात्र ते हात राखून द्यायचे. माझ्या सासऱ्यांनी झोपेसाठी मागितला, तर चिमूटभर पाला आणि ओंजळभर उपदेश मिळाला.

आबांचे दोन मुलगे पाळण्यातच गेले होते. एक लेक वाचली. घरधनी नर उपटतो म्हणून घरात पोरगा टिकत नाही, असं आबांच्या बायकोच्या, म्हणजे आजींच्या, मनाने घेतलं होतं. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा त्या भांगेपुढे आडव्या उभ्या राहिल्या. "औंदा एकबी नर उपटाचा नाही." आबा आत जाऊन बसले.

त्या वर्षी नर फुलले. पिवळी भुकटी दोरीवरच्या लुगड्यांवर, पाण्याच्या माठावर, सगळीकडे बसली. मला ती भुकटी उडवणाऱ्या वाऱ्याची भीती वाटायची, खोटं कशाला सांगू! लेकीला मुलगा झाला, अगदी मूठभर, आणि त्याच सुमाराला नर उभ्या जागी वाळू लागले.

आबा त्यांना पाणी घालत राहिले. "फूल झाडलं का नर मरतेच, पोरी," ते कुंपणाशी हळूच म्हणाले. "तिले मालूम नाही. आजवर एक तरी नर तेवढा जगू देल्ला का मी? घरात सांगू नोको." मग ते वाळलेला एकेक नर सुतळीने बांबूला बांधू लागले. आजींची नजर अधू. लांबून नर उभे दिसले की त्या निवांत बाळाला तेल लावायला बसायच्या.

थंडीत तापाचं निमित्त होऊन आबा गेले. तेरवीनंतर मी सुतळी घेऊन त्यांच्या परसात शिरले. वारा अगदी पडला होता, तरी काड्या हलत होत्या. पुढे होऊन पाहिलं, तर पलीकडे आजी बसल्या होत्या. आबांच्या धोतराच्या चिंध्या काढून, चाचपत चाचपत, एकेक वाळका नर नव्याने बांधत होत्या.

"पोराले पायावर चालू दे," त्या म्हणाल्या. "मंग पडू देऊ."