इस्माईलचाचा जे बोलले होते

माफ करा, मी लिहायला बसलोय खरा, पण मराठी मी फक्त घरात ऐकली. शाळा इथलीच, आखातातल्या सलालाहची. चुका होतील. पण हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बाबांनाही नाही.

बाबा एका ट्रक कंपनीच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक आहेत. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे डॉक्टरकडे जायचं असो की बँकेत, कोकणातले ड्रायव्हर मलाच सोबत न्यायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू — फार आवडायचं.

मग इथल्या प्रशासनानं बैठक बोलावली. खरीफच्या, म्हणजे इथल्या पावसाळ्याच्या दिवसांत डोंगरावर धुकं बसतं आणि डिझेलचा धूर त्याखाली अडकून राहतो. देशभरातल्या नियमापेक्षा कडक नियम आपल्या प्रांतात लावायचा का, त्यात जुने ट्रक घ्यायचे का, हे ठरायचं होतं. त्याआधी ड्रायव्हरांचं ऐकायचं होतं. दुभाष्या — मी.

रत्नागिरीचे इस्माईलचाचा उठले. "सांग पोरा, धूर केबिनमध्ये येतो. नाक शिंकरलं की रुमाल काळा. बायको विचारते, गाडी चालवतोस की कोळसा विकतोस?" आमचे लोक हसले. चाचाही हसले, आणि मग बराच वेळ खोकत राहिले. "आणि धुराची तपासणी आली की गॅरेजात इंजिनाच्या पंपाचं डिझेल कमी करतात. ती झाली की परत वाढवतात, नायतर गाडी घाट चढत नाय. हे पण सांग."

तो पंप कमी कोण करायचं? बाबा. आणि पुढच्या रांगेत आमचे अर्बाब, कंपनीचे मालक, बसले होते.

प्रशासनाच्या साहेबांनी विचारलं, सगळे का हसले? मी इंग्रजीत म्हणालो — ते आपल्या गाडीवर खूश आहेत. त्यांची काही तक्रार नाही.

अर्बाबांनी मला काही सांगितलं नव्हतं. बाबांनीही नाही. कुणी डोळेसुद्धा वटारले नव्हते. मग मी — कशाला?

"खलास, झालं! सगळं सांगितलंस ना?" चाचांनी पाठीवर हात ठेवून विचारलं. मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी मला चहा पाजला. मी तो प्यायलो.

कडक नियम आला, फक्त नव्या ट्रकांना. जुने सुटले. तो कागदावर यायच्या आतच चाचा खोकला घेऊन गावी गेले होते. पुढे काय ठरलं ते त्यांनी मला फोनवर विचारलंही होतं. "चांगलं झालं चाचा," एवढंच मी म्हणालो. ते तिसरं खोटं.

काल त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मध्ये मध्ये खोकला, पण आवाज आनंदी.

"पोरा, आमचा मुलगा सलीम येतोय, माझ्याच जुन्या गाडीवर. आधी मी नको म्हणत होतो. मग म्हटलं, आता कसली भीती? तू साहेबांना सगळं सांगितलंयस."