जेवताना जळतं का?

डॉ. कुमुदिनीबाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. जाफराबादेत मी नवी पिठाची गिरणी टाकली होती, बाजूलाच मिरची कांडायचं मशीन. समोर बाईंचा दवाखाना. आठवडा झाला नसेल, बाई रस्ता ओलांडून माझ्या दारात उभ्या. हैदराबादेत शिकलेल्या, आवाज हळू, बोलणं बेताचं.

“गणपतराव, तुमची मिरची माझ्या दवाखान्यात येते. कोण सर्दीनं शिंकतंय अन् कोण तुमच्यामुळं, मला कळत नाही.”

“मंग दोघांचाही धंदा चालला की, बाई,” मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. त्या दिवशी ठरलं, मिरची दुपारी कांडायची, दवाखाना बंद असेल तेव्हा. अजून तसंच चालू आहे.

आता बाईंना साठ वर्षं पूर्ण होताहेत. त्यांच्या हातून झालेल्या अवघड बाळंतपणांबद्दल, दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांसाठी त्यांनी केलेल्या धावपळीबद्दल या गौरवग्रंथात जाणकार लिहितीलच. मी शिकलो थोडं, ऐकलं मात्र पुष्कळ. गिरणीच्या घरघरीत बायका काय बोलतात तेही मला ऐकू येतं. दवाखान्याच्या बाकावरही मी बराच बसलो आहे, आणि आत जायच्या दाराला नुसता गोणपाटाचा पडदा आहे.

आमच्याकडे बाई आजारी पडली की बोलतो दुसराच. सासू सांगते, नवरा सांगतो, आजारी बाई खाली बघते. कुमुदिनीबाई त्या बोलणाऱ्याला विचारतात, “दुखतं कोणाचं? तुमचं नाही ना? मग जरा बाहेर बसा.” या एका सवयीपायी त्यांनी कितीतरी मोठ्या माणसांचा राग ओढवून घेतला. माझ्या घरातली एक मुलगी मात्र त्या सवयीमुळं वाचली.

माझी आई लवकर गेली. थोरल्या भावाच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, मला वाढवलं. दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली वहिनींच्या तोंडात आग सुरू झाली. जीभ, ओठ, टाळू, सगळं पोळल्यासारखं. बघावं तर फोड नाही, चट्टा नाही. घरात त्यांची सून नवी होती, सिंधू, घनसावंगीकडची. वहिनींनी ठरवून टाकलं, ही भाजीत मिरची जास्त टाकून राह्यली. सिंधूनं मिरची कमी केली, मग बंदच केली. आग तशीच. तेव्हा वहिनी म्हणू लागल्या, ही अन्नात काहीतरी कालवते. हा शब्द एकदा घरात आला की सून टिकत नाही. भावानं गावाहून मला निरोप धाडला, पोरीला माहेरी सोडून यायचं, परत आणायचं नाही.

वहिनी स्वतः सोबत आल्या, पोरीच्या बापाला तोंडावर सांगायला. जालन्याच्या गाडीला अवकाश होता. मी म्हणालो, “वैनी, समोर डॉक्टरीणबाई आहेत. तोंड तरी दाखवू.”

“काय दाखवायचं, भावजी? आत काय दिसत न्हाई, म्हणून तर हिचं फावलं.”

तरी आल्या. बाईंनी मला आणि सिंधूला बाहेर बसवलं. पडद्यातून सगळं ऐकू येत होतं. वहिनींनी आधी सुनेचं गाऱ्हाणं सांगितलं, मग बाईंचे प्रश्न सुरू झाले.

“मिसरी लावता?”

“सोडली, बाई. तरी जळतंय.”

“पाळी?”

“गेली की. तव्हापासूनच मागं लागलंय हे.”

“सकाळी उठल्यावर जळतं?”

“तव्हा कमी असतं. दिस चढला की वाढतं. दिवेलागणीला तर नको जीव होतो.”

“आणि जेवताना?”

बहुतेक हे वहिनींना कोणी विचारलंच नव्हतं.

“जेवताना बरं वाटतं, बाई. तेवढंच काय ते.”

“जेवता कोणाच्या हातचं?”

माझ्या शेजारी सिंधू कपड्यांची पिशवी पोटाशी धरून बसली होती. तिनं ती हळूच खाली ठेवली.

मग बाई म्हणाल्या, “सुनेनं काही घातलं असतं तर जेवतानाच जळालं असतं. पाळी गेल्यावर काही बायकांना असं होतं. दिसत नाही म्हणून ते खोटं नाही. रक्त कमी आहे, त्याच्या गोळ्या देते. तिखट, तंबाखू लांब ठेवा. थंड पाणी तोंडात धरा. पण पक्कं औषध मला ठाऊक नाही. कमी होईल, कदाचित नाहीही होणार.”

वहिनी भडकल्या. “मंग तुमी डाक्टर कशाच्या? तुमाला काय कळनार जळनं?”

“कळतं,” बाई म्हणाल्या. “माझंही जळतं. आता तुमच्याशी बोलतानाही जळतंय.”

वहिनी बाहेर आल्या. सिंधूकडं न बघताच म्हणाल्या, “ऊठ. गावाकडची गाडी बघ. भाकरी कोन टाकनार घरी?” माफीबिफी आमच्या घरात कोणी मागत नाही. सिंधू उठली.

वहिनींची आग गेली नाही. थोडी निवली, इतकंच. बाईंचीही गेलेली नाही. सकाळी त्या ठीक असतात. संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला की खुर्चीत मान टाकून बसतात, आणि मी समोरून बघत असतो.

हा लेख दाखवला तेव्हा सत्कार समितीतले एक गृहस्थ कुरकुरले, “पाळीबिळीचं ग्रंथात कशाला?” मी बाईंकडं गेलो. त्यांच्या तोंडात माठातलं पाणी होतं. ते सावकाश गिळून त्या म्हणाल्या, “लिहा. माझंही लिहा. कोणाची तरी सून घरात राहील.”

म्हणून लिहिलं. सत्काराला वहिनी आणि सिंधू दोघी येणार आहेत. “भाषनं ऐकायला न्हाई,” वहिनींनी बजावलंय, “बाईंच्या शेजारी बसायला.”

शंभर वर्षं मागायचा रिवाज आहे. मी बाईंच्या संध्याकाळी रोज बघतो, म्हणून मला नुसती वर्षं मागवत नाहीत. बाईंना भरपूर आयुष्य मिळो, प्रकृती साथ देवो, आणि दिवस मावळताना त्यांच्या तोंडाला थोडा गारवा मिळो.