साकवावरचा पहिला खांदा

शिमग्यात आमच्या गावात देवीची पालखी घरोघर फिरते. खाडीच्या फाट्यावरून पलीकडे नेताना साकवाच्या लहानशा पुलावर पहिला खांदा कुणाचा, यावरून वरची आणि खालची भावकी एकदा अशी हातघाईवर आली की पालखी तिथूनच माघारी फिरू लागली. पुढे पुरात साकवही गेला, तेव्हा दोन्ही भावक्यांना बरंच वाटलं असावं. आमचं घर पलीकडे. आईचे गुडघे कामातून गेलेले, आणि देवी एकदा दाराशी यावी एवढंच तिचं मागणं होतं.

ऐंशी सालानंतर केव्हातरी, माघात, साकव बांधायला लष्कराची तुकडी आली. मी शाळामास्तर, हिंदी येणारा, म्हणून दुभाषा झालो. त्यांच्या तरुण कॅप्टनजवळ एक पुस्तिका होती. आधी जनतेचा विश्वास मिळवायचा, मग काम, मग सगळं मुलकी प्रशासनाच्या हवाली, असा तिचा क्रम. तुळया, फळ्या, बोल्ट ट्रकभर आले होते. विश्वासासाठी मात्र चहाची पूडसुद्धा मंजूर नव्हती, त्यामुळे काम सुरूच होईना. जवान चिंचेखाली व्हॉलीबॉल खेळत आणि गाव ते बघत बसे.

"विश्वास बसला हे ओळखायचं कसं?" कॅप्टनने मला विचारलं.

"दोन्ही भावक्या कशालाही एकदम हो म्हणाल्या, की बसला समजा," मी वैतागून म्हणालो.

त्याने ते मनावर घेतलं आणि देवळात बैठक बोलावली. बराच वेळ भांडून झाल्यावर दोन्ही भावक्यांचं एकमत झालं: साकवावरचा पहिला खांदा समोरच्या भावकीला मिळण्यापेक्षा लष्कराला मिळालेला बरा. देवीनेही उजवा कौल दिला. कॅप्टनने पुस्तिकेत खूण केली आणि साकव बघता बघता उभा राहिला.

शिमग्यात साकवाच्या तोंडाशी जवानांनी पालखी खांद्यावर घेतली. ती नाचवायची असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पण पुलावर एका तालात चालायचं नाही, असा लष्कराचा नियम. कॅप्टनने हुकूम सोडला, ज्याचा त्याचा पाय वेगळा पडू लागला, आणि पालखी अशी डुलली की म्हाताऱ्या माणसांनी खुशीने माना डोलावल्या. देवी आमच्या अंगणात आली. आईने हात जोडले, आणि मला रडू फुटलं.

मग तिसरी पायरी. साकव प्रशासनाच्या हवाली करून तुकडी गेली. खांद्याचा मान मात्र कुणीच ताब्यात घेतला नाही, आणि आमच्याकडे दिलेला मान परत घेत नाहीत.

पुढच्या शिमग्यात पालखी साकवापाशी येऊन थांबली. ढोल थांबले. मी धावत गेलो. लष्कर आता कुठे असेल देव जाणे, असं परोपरीने सांगितलं.

"येतील. मान हाय त्यांचा," वरच्या भावकीतले आजोबा शांतपणे म्हणाले. खालच्या भावकीने मान डोलावली.

मी घरी परतलो. आई अंगणात खुर्चीवर ओटीचं ताट घेऊन बसली होती.

"ती येत न्हाय तर मीच जातंय," ती म्हणाली. "उचल खुर्ची."

मला एकट्याला ती उचलेना. मी पलीकडे हाक मारली. दोन्ही भावक्यांतले पोरगे साकवावरून धावत आले, खुर्चीचा हाताला लागेल तो पाय धरला आणि आईसकट ती खांद्यावर घेतली. पहिला कोण, हे कुणी विचारलं नाही. साकवाच्या मध्यावर आई ताट सावरत डुलत होती, आणि पलीकडे ढोल वाजू लागले.