वहिनींचा दीर्घ ऊकार

चैत्र सरत आला की लालबागच्या गल्ल्यांत तांबड्या मिरचीचा वास उन्हाच्या अंगाला लागून हिंडू लागतो. डंकावर मसाला कुटला जात असतो, धणे आणि दगडफूल यांची कोरडी, करडी धूळ हवेत तरंगत असते, आणि पिशव्या घेऊन उभी असलेली माणसं पदराने, रुमालाने डोळे पुसत आपली पाळी यायची वाट बघत असतात. अशाच एका दुपारी मी दादरहून शालनवहिनींकडे निघाले होते. माझेही डोळे भरले होते. पण ते सगळंच पाणी काही मिरचीचं नव्हतं.

शालनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. भाऊ गेल्या वर्षी गेला. जिथे आमची चाळ होती तिथेच आता उंच इमारत उभी आहे आणि वहिनी तिच्यात वरच्या मजल्यावर राहतात. चाळीतली बाकीची माणसं बदलापूर, विरार अशी दूरदूर पांगली, आणि मग फोनवरच्या एका ग्रुपमध्ये पुन्हा शेजारी झाली. त्या ग्रुपवर वहिनी लिहू लागल्या. कोकणातून नवरी होऊन आल्या तेव्हाचा गिरणीचा भोंगा, नळावरची भांडणं, गोकुळाष्टमीच्या रात्रीचे आंबोळ्यांचे तवे. सातवीपर्यंत शिकलेल्या वहिनी मनात येई तसं लिहीत, आणि चाळीतली माणसं ते आवडीने वाचत.

मीही वाचत असे. पण माझं वाचणं निर्मळ नव्हतं. गिरगावातल्या एका छापखान्यात मी उभी हयात मुद्रितशोधक म्हणून काढली. शाईचा वास येणाऱ्या ओल्या कागदावर चुका हेरत राहायचं, हे इतकं अंगात भिनलं की निवृत्तीनंतरही डोळे स्वस्थ बसेनात. वाढदिवसाला ‘शुभेच्या’ आणि ‘आर्शिवाद’, मरणाला ‘भावपुर्ण श्रद्धांजली’, बातमीच्या मथळ्यातसुद्धा न आणि ण यांची खुशाल अदलाबदल. विरामचिन्हं तर गाव सोडून गेल्यासारखी नाहीशी झालेली. हल्ली फोन उघडला की मला, दिवेलागणीच्या वेळी घरात शिरावं आणि कोणीच केर काढलेला नसावा, तसं उदास वाटतं.

वहिनींनी एके दिवशी माझ्या वडिलांविषयी लिहिलं. वडील गिरणीत सूत काढण्याच्या खात्यात होते. संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापसाचे तंतू असत. वहिनींनी लिहिलं, ‘माझ्या सासऱ्यांनी जन्मभर सुत काढलं.’ ऱ्हस्व उकार. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. कोणीतरी ते वाक्य उचलून अशुद्ध मराठीची थट्टा करणाऱ्या एका मोठ्या पानावर टाकलं, आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ‘जन्मभर सुत काढले? एकूण झाले किती?’ असं एकाने विचारलं होतं. त्याचं स्वतःचं शुद्धलेखन निर्दोष होतं. ज्या नियमांची मी आयुष्यभर राखण केली, त्याच नियमांचा दगड करून कोणीतरी माझ्या वडिलांवर भिरकावला होता. मी निघाले त्याच सकाळी वहिनींनी ग्रुप सोडला होता.

मी गेले तेव्हा त्या कोकम सरबत ढवळत होत्या. चेहरा शांत होता. वाटेत जुळवलेली वाक्यं मी बोलू लागले. “वहिनी, तुम्ही लिहीत राहा. चुकांकडे बघू नका. भाव महत्त्वाचा.”

त्यांनी पेला माझ्यापुढे ठेवला. “वन्सं, तुमका बरोबर लिवक येता म्हणान तुमी असा म्हणतास.”

मी पेला उचलून हातात घेतला.

“माका हसले असते तर काय नाय हो,” त्या म्हणाल्या. “पण मामंजींका हसले. मला बरोबर लिहायचंय. तुम्ही मला शिकवा.”

मग त्यांच्या खिडकीशी आमचा अभ्यास सुरू झाला. खाली रस्त्यावर बसगाड्या कण्हत असत, आणि पश्चिमेकडून, वरळीच्या बाजूने, कलत्या उन्हाबरोबर थोडी समुद्राची हवा येई. मी नियम सांगितला. शब्दाच्या शेवटी अ असला, की त्याच्या आधीचा इकार-उकार बहुधा दीर्घ होतो: सूत, फूल, पीठ. सुतसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द तेवढे वेगळे. आणि शब्दाला प्रत्यय लागला, की तोच दीर्घ ऱ्हस्व होतो: सुताला, फुलाला, पिठाला. वहिनींनी ते शब्द पुन्हा पुन्हा उच्चारून पाहिले.

“म्हणजे एकटा असला की ऐसपैस,” त्या हळूच म्हणाल्या, “आणि कोण सोबतीक इला की सरकून जागा देता.”

इतक्या वर्षांत हा नियम मी असंख्य वेळा लावला होता, पण त्यात माणसं बसलेली मला कधी दिसली नव्हती. भाऊ गेल्यापासून वहिनी त्या घरात एकट्या होत्या.

काही दिवसांनी त्या ग्रुपवर परतल्या. वडिलांवरचा मजकूर त्यांनी नव्याने लिहिला, मला न दाखवता. सूत बरोबर होतं. दुसरीकडे दोन-चार चुका राहिल्या होत्या. मी त्यांच्याकडेच बसले होते, तेवढ्यात बदलापूरहून वसंतरावांचं उत्तर आलं. चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत राहणारे, वडिलांच्याच खात्यात उमेदवारीला लागलेले, आता नातवंडांत रमलेले वसंतराव. वहिनींनी फोन माझ्यापुढे धरला. ‘वहीनी, मी नवीन होतो. हात थरथरायचे. माज सुत तुटल की तुमचे सासरे गूपचूप येऊन जोडून देत. मूकादमाला कदी सांगीतल नाय.’

माझे डोळे सवयीने चुका टिपू लागले, आणि मध्येच थबकले. वडिलांनी ही गोष्ट घरात कधीच सांगितली नव्हती. ते गेल्याला कितीतरी वर्षं झाली, आणि आज ते मला थोडे अधिक भेटले होते.

“त्यांचापण उकार चुकला,” वहिनी म्हणाल्या. त्या शब्दावर त्यांचं बोट थांबलं होतं. “सांगूक व्हया त्यांका. पण हय नको, सगळ्यांसमोर.”

त्यांनी वसंतरावांना फोनच लावला. “भावजीनु, मी शालन,” एवढं मला ऐकू आलं, आणि मग बोलत बोलत त्या आतल्या खोलीत गेल्या. मी खिडकीशी उभी राहिले. दूरच्या छपरांवर ऊन पिवळं होत चाललं होतं. आतून वहिनींचं भरभर मालवणी ऐकू येत होतं, मध्येच हसू, मध्येच एखादा लांब हुंकार. भाऊ गेल्यानंतर त्यांना असं मोकळं हसताना मी ऐकलं नव्हतं. त्या बोलण्यात उकाराचा विषय निघाला की नाही, मला कळलं नाही. आणि त्या बाहेर आल्या तेव्हा मी विचारलंही नाही.