डंपर धुणारी सरुबाई

पेठच्या डोंगरातली सरुबाई नऊ महिने लोखंडाच्या खाणीवर डंपर धूत होती. ठेकेदाराने नाशिकच्या द्वारका चौकातून गाडी भरून माणसं नेली, त्यात ती आणि तिचा धाकटा भाऊ भिकन. भिकन डंपर चालवायचा. खाणीचं गाव जंगलाच्या पोटात. तिथं सागाची पानं लाल, कोंबड्या लाल, दोरीवरचं धुणंही संध्याकाळपर्यंत लाल. डांबरी रस्त्यावर चढण्याआधी प्रत्येक डंपर धुवायचा, असा नियम होता. सरुबाई पाइप धरायची, तांबडं पाणी नाल्याला जायचं.

एका दुपारी भिकन रांग मोडून पुढे आला.

"बाय, पुढची चाकं आधी."

"मागून धुते मी. आज नवा हायेस का?"

"धू ना गं."

तिने धुतली. पाणी रोजच्यासारखंच लाल. मडगार्डच्या आत झाडू घातला, तेव्हा केसांचा पुंजका निघाला. त्यात बांगडीचा हिरवा तुकडा.

"कुत्रं आडवं आलं," भिकन म्हणाला.

सरुबाईने तुकडा मुठीत धरला.

तेवढ्यात फाटकावर गावातले लोक आले. मोहफुलं वेचणारी एक बाई वळणावर चिरडली होती. रांगेत सर्वांत पुढे दिंडोरीच्या राजूचा डंपर होता, अजून न धुतलेला. धूळ बसावी म्हणून खाणीच्या रस्त्यावर टँकर पाणी मारायचा, तो चिखल त्याच्या बंपरवरून ओघळत होता.

"रगत पाहा," कोणीतरी म्हणालं.

राजू खाली उतरला आणि बंपर हातांनी पुसून दाखवू लागला. "माती हाय दादा, मातीच." त्याचे दोन्ही हात लाल झाले. तेवढ्याने त्याचा निकाल लागला.

तिथला दगड लोखंडाचा, मुठीएवढा असला तरी मनगट वाकवतो. पहिला तोंडावर बसला, दुसरा डोळ्यावर. राजू उताणा पडला. मग लाथा.

शेजारी भिकनचा डंपर स्वच्छ, ठिबकत उभा होता. त्याने बहिणीचं मनगट धरलं. "गप ऱ्हा, बाय. मला जित्ता सोडायचे नाय."

"त्याला मारतायत."

"तो आपला कोन?"

तिने हात सोडवला. गर्दीत घुसून तुकडा वर धरला. "याचा डंपर नाय. ज्याचा हाय तो मी धुतला आत्ता."

"मंग कोनाचा?"

"माझ्या भावाचा."

सगळे भिकनकडे वळले. त्याचा उजवा हात त्यांनी चाकावर ठेवून ठेचला. सरुबाई त्याच्या अंगावर पालथी पडली. तिच्या खांद्याचं हाड मोडलं, पाठ सोलली गेली, पण पोलीस येईपर्यंत ती उठली नाही.

राजूचा एक डोळा गेला. भिकन जामिनावर घरी आहे; उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. आई अजून म्हणते, "सारं धुतलं होतंस, मंग तोंड कशाला उघडलंस?"

सरुबाई आमटीत नागलीची भाकरी कुस्करून ताट भिकनपुढे सरकवते. तो डाव्या हाताने, तिच्याकडे न बघता खातो.